हर्सूलला केलेली परदेशाची तालीम

निवृत्त झाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, "अहो, आपण परदेशात जाऊ."

तो दाढी करत होता. "फिरायला?" त्यानं आरशातूनच विचारलं.

"राहायला. म्हातारपण काढायला."

त्यानं गालावरचा फेस तसाच ठेवला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "कोणत्या देशात?"

मी तर आनंदानं उडालेच. 'वेड लागलं का' म्हणाला नाही, 'या वयात' म्हणाला नाही, थेट कोणता देश म्हणून विचारलं! त्या दिवशी मी साधं वरण केलं आणि त्यात मीठच घातलं नाही. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही, कारण जेवताना आम्ही नकाशा बघत होतो.

ही हौस कुठून आली ते आधी सांगते. मी सिल्लोडकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. घर संभाजीनगरात, सिडकोत. रोज सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात आणि अर्ध्या शहराचं आयुष्य त्यातच जातं. खेड्यात मी बाई, घरी वहिनी, सासरच्या गोतावळ्यात मामी आणि काकू. मधल्या एसटीत तरी डोळे मिटावेत, तर मागच्या सीटवरून आवाज यायचा, "बाई, आमच्या पोरीचं नाव दाखल्यावर चुकलंय बघा." माणसं प्रेमळच होती. एकदा पाय मुरगळला तर सगळ्या गावानं मिळून मला तीन प्रकारची तेलं आणून दिली. पण इतक्या वर्षांत मला एक तास असा मिळाला नाही, की आजूबाजूला मला ओळखणारं कुणी नाही. मला एवढंच हवं होतं. एखाद्या अनोळखी गावात दुकानात शिरावं, पाव घ्यावा, बाहेर पडावं, आणि नवऱ्याची शुगर किती आहे हे कुणी विचारू नये. हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलले असते तर लोक म्हणाले असते, हिला माणसं नकोशी झाली.

नवरा माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाला. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तो क्वालिटीला होता, म्हणजे तयार झालेला लोखंडी भाग बरोबर आहे की नाही हे बघायचं काम. त्यांच्याकडे एक गेज असतं, दोन टोकांचं. एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर माल पास, नाहीतर लाल पेटीत. त्यानं जन्मभर हेच केलं आणि घरी येऊन माझ्या चपात्यांवरही तेच केलं. त्यामुळे देश निवडायचं ठरल्यावर त्यानं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर एक मोठा ड्रॉइंग पेपर आणला आणि जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला.

खाली देश, वर तपासणी. दवाखाना किती लांब, पायी चालायला जागा आहे का, जिने किती, उन्हाळा कसा, ज्वारीचं पीठ मिळतं का. पैशाचं गणित त्यानं वेगळ्या कागदावर मांडलं होतं आणि ते जमत होतं, तेव्हा त्यात मी कुणाला अडकवत नाही. पास झालं की हिरवी टिकली, नापास झालं की लाल. माझ्या जुन्या टिकल्यांची पाकिटं त्या कागदावर खर्ची पडली.

काय दिवस होते ते! सकाळी पोहे खाताना आम्ही थायलंडचे असायचो आणि दुपारी झोपून उठलो की ग्रीसचे. मी मोबाईलवर परक्या गावांचे रस्ते बघत बसायचे. बोटानं पुढं पुढं सरकवत जायचं, डावीकडे वळायचं, एखाद्या घराच्या खिडकीशी थांबायचं. पोर्तुगालमधल्या ताविरा नावाच्या एका छोट्या गावात मी इतक्यांदा फिरले की मला तिथली वळणं पाठ झाली. मधून नदी, नदीवर जुना दगडी पूल, पांढरी घरं. शेजारच्या आपांना मी तो पूल दाखवला. आपांचे मिस्टर मस्कतला नोकरीला होते, त्यामुळे आपा तिकडं बरीच वर्षं राहून आलेल्या. आमच्या गल्लीत परदेशाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

"जाव ना तुम," आपा म्हणाल्या. "पहले महिने में रोना आता. दुसरे महिने में खिडकी में बैठ के चाय पीते. तिसरे महिने में कोई फोन करा तो गुस्सा आता."

"तिसऱ्या महिन्यापर्यंत कशाला थांबायचं," मी म्हणाले, आणि आपा पदरात तोंड लपवून हसल्या.

इकडे तक्त्यावर मात्र लाल टिकल्या वाढत चालल्या. थायलंडमध्ये राहणाऱ्या परक्या माणसानं दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो, हे नवऱ्यानं शोधून काढलं. "आता पुन्हा हजेरी? कारखान्यात काय कमी कार्ड पंच केली?" लाल. ग्रीसमध्ये पायऱ्या फार. लाल. मलेशियात घाम येईल. लाल. मी म्हटलं, इथं मे महिन्यात काय केवड्याचं अत्तर येतं का अंगाला? पण त्याचं गेज त्याच्या हातात.

मग मॉरिशस आलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अगं, तिथं मराठी माणसं आहेत! पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. गणपती बसवतात!" त्यानं सगळ्या रकान्यांत हिरव्या टिकल्या लावल्यासुद्धा. मी उठले, पाकिटातली सगळ्यात मोठी लाल टिकली काढली आणि मॉरिशसवर चिकटवली.

"मराठी माणसं आहेत म्हणून लाल?"

"व्हय. म्हणूनच."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मीठ-मिरचीपुरतं बोललो. खरं कारण मी तेव्हाही सांगितलं नाही.

शेवटी पोर्तुगाल उरलं. त्यात खोट काढायला नवऱ्याला आठवडाभर झटावं लागलं. "रस्ते दगडी आहेत. पाऊस पडला की घसरतात." मी म्हटलं, आपल्या गल्लीत काय गालिचा अंथरलाय? तेव्हा दुसऱ्या दिवशी तो एक नवीनच कल्पना घेऊन आला. कारखान्यात नव्या माणसाकडून माल घ्यायचा असेल तर एकदम घेत नाहीत. आधी थोडा मागवतात, मशिनवर चढवून बघतात, चालला तरच पुढची ऑर्डर.

"आपण ट्रायल घेऊ," तो म्हणाला. "एक महिना परक्यासारखं राहून बघू. इथंच."

"इथं म्हणजे कुठं?"

"हर्सूल."

मी कपाळाला हात लावला. हर्सूलला चाललो म्हटलं की आमच्याकडे लोकांना आधी तिथला तुरुंगच आठवतो. पण तलावाच्या बाजूला नवीन इमारती झाल्या आहेत, आणि त्याच्या ओळखीनं नव्हे, तर मुद्दाम अनोळखी जाहिरातीवरून त्यानं दुसऱ्या मजल्यावरचा एक सामानासकट फ्लॅट महिन्यासाठी घेतला होता. नियम त्यानंच लिहिले. कुणाला पत्ता सांगायचा नाही. ओळखीच्या दुकानात जायचं नाही. नातेवाइकांना सांगायचं, केरळला चाललोय. फोन फक्त मुलाचा घ्यायचा, तोही रविवारी. मला तर हसू आवरेना. साठीला टेकलेली दोन माणसं बॅगा भरून, कुलूप लावून, आपल्याच शहरात रिक्षा करून परदेशी निघाली होती.

पहिले चार दिवस मी कधी विसरणार नाही. नवरा उठायच्या आधी मी तलावाकडे निघायचे. कुणी हाक मारत नव्हतं. परतीच्या वाटेवर एक बेकरी लागायची. मी पाव मागितला, बेकरीवाल्यानं पैसे सांगितले, मी दिले, त्यानं पाव दिला. बस! एवढंच! त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेच्या कट्ट्यावर बसले आणि पिशवीतूनच तो गरम पाव तोडून खाल्ला, चहाबिहा काही नाही. आमच्या गल्लीत असं खाल्लं असतं तर संध्याकाळपर्यंत चौकशीला चार बायका आल्या असत्या. त्या कट्ट्यावर बसून मला चक्क गाणं म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हटलंही, आवाज बेसूर असून. पलीकडून एक माणूस गेला, त्यानं बघितलं आणि तो निघून गेला. मला इतकं हलकं लग्नाच्या आधीसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी भाजी आणायला नवरा गेला.

आता आमच्याकडची एक खोड सांगायला हवी. मराठवाड्यातली दोन माणसं चंद्रावर भेटली तरी पहिला प्रश्न एकच, गाव कोणतं. गाव कळलं की पाव्हणे कोण, पाव्हणे कळले की कुणाच्या लग्नात आपण शेजारी जेवायला बसलो होतो ते. तीन प्रश्नांत नातं निघतंच. नवऱ्याला तर हा नादच आहे. मी गॅलरीत उभी होते. खाली भाजीचा गाडा होता. भाजीवाल्यानं नुसतं वांगी तोलता तोलता विचारलं, "क्या चच्चा, नये आये क्या इधर?" आणि माझ्या नवऱ्यानं, ज्यानं स्वतःच्या हातानं नियम लिहिले होते, त्यानं हसून विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

"सिल्लोड."

"अरे वा! माझी बहीण सिल्लोडला. मक्याची आडत आहे त्यांची."

"वो बडे गेट के बाजूवाले? अरे उनके सामनेच मेरे चाचा का दुकान है! आप आक्का के भाई?"

मी वरून बघत होते. वांग्यांबरोबर कोथिंबीर फुकट आली, आणि मला कळलं की संपलं.

पुढच्या दहा दिवसांत काय काय झालं ते सांगायलाच नको. भाजीवाल्यानं खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीला सांगितलं, तिनं वाटीभर पिठलं पाठवलं. रिकामी वाटी परत द्यायची पद्धत नाही, मग मी शिरा करून दिला. तिच्या जावेचं माहेर माझ्या शाळेच्या गावाशेजारचं निघालं. तलावावर सकाळी चालणाऱ्यांत नवरा काका झाला आणि त्यांना घेऊन चहाला घरी येऊ लागला. बेकरीवाला एक दिवस म्हणाला, "बाई, सरांची शुगर आहे म्हणं, मग ब्राऊन देऊ का?" पाव तिथंच ठेवून मी निघून आले.

आणि एका दुपारी दारात आक्का उभ्या. माझी थोरली नणंद, सत्तरीच्या, हातात पिशवी, पिशवीत लोणच्याची बरणी.

"केरळात ऊन लई आपल्यासारखंच पडतंय की," आक्का म्हणाल्या आणि आत येऊन पंख्याखाली बसल्या.

त्यांच्या मागून घरमालकीण आली, तिची जाऊ आली, तलावावरचे दोघं आले. नवरा खुशीत होता, खुर्च्या मांडत होता. "अगं, चहा टाक," तो म्हणाला. मी पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, साखर घातली. मग मला एकदम काय झालं कुणास ठाऊक, मी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन म्हणाले, "मला चहा करायचा नाही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मला माणसं नकोशी झालेली नाहीत," मी म्हणाले. "पण मला थोडे दिवस कुणाचीच कुणी नसायचंय. बाई नाही, वहिनी नाही, मामी नाही. म्हणून मला परदेशात जायचंय. हवा-पाण्यासाठी नाही. तुमच्या त्या तक्त्यात ह्याचा रकानाच नाही!"

तलावावरचे दोघं हळूच उठले. घरमालकीण जावेला घेऊन खाली गेली. नवरा हातात खुर्ची धरून तसाच उभा होता. आणि आक्का, ज्यांनी माझ्या घरात आजवर स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास घेतला नव्हता, त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी गॅस पेटवला. चहा फार गोड झाला होता. आम्ही तिघांनी तो प्यायला. जाताना आक्का एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचं होतंस गं. मी आलेच नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावाकडे निघाले तर नवरा चपला घालून दारात तयार. समोरून कुणी ओळखीचा आला तर नवऱ्यानं फक्त हात वर केला, थांबला नाही. हे त्याला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे.

"देशांत खोट नव्हती," तो म्हणाला. "एकाही देशात नव्हती. मीच काढत होतो."

"म्हणजे?"

"मला जायचंच नव्हतं."

मी थांबले. "मग पहिल्याच दिवशी नाय म्हणायचं ना!"

"तू इतकी खूश होतीस. मला वाटलं, तपासता तपासता तुझी हौस फिटेल." तो पाण्याकडे बघत होता. "मला भीती वाटते गं. तिथं रस्त्यात मला कुणी विचारणारच नाही, कुठल्या गावचा म्हणून. मग मी कोण?"

मला त्याचा राग यायला हवा होता. चार महिने ड्रॉइंग पेपर, माझ्या टिकल्या, हर्सूलचा सगळा खेळ, आणि मनात हे! पण मला त्याचा हात धरावासा वाटला आणि मी तो धरला. ज्याच्यासाठी मी इतकी आतुर झाले होते, त्यालाच हा माणूस घाबरत होता. दोघांतलं कुणीच खोटं नव्हतं. मी म्हणाले, "ठीक आहे. नाही जायचं."

"आपण नाही जायचं," तो म्हणाला. "तू जा."

"एकटी?"

"मी आलो तर तिथंही तीन दिवसांत मी कुणालातरी चहाला घेऊन येणार. पोर्तुगीज असला तरी आणणार. मला स्वतःचा भरवसा नाही." आणि तो हसला. "तीन महिने जा. बघून ये. आवडलं तर पुढचं पुढं. जगलो इतकी वर्षं तुझ्या हातचं खाऊन, तीन महिने माझ्या हातचं खाऊन मरणार नाही."

मी त्या तलावाच्या काठावर, भर सकाळी, सगळ्या चालणाऱ्या लोकांसमोर नवऱ्याला मिठी मारली. लाज वगैरे काही वाटली नाही. वाटायला हवी होती, असं आपा नंतर म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे भरून आले होते.

मग जी धांदल सुरू झाली! उरलेले दिवस हर्सूलला न काढता आम्ही घरी आलो. मुलानं फोनवर आधी "आई, एकटी?" असं चारदा विचारलं आणि पाचव्यांदा माझी खोली बुक करून दिली. ताविरातच, पुलापासून जवळ. आपांनी मला जाड मोजे विणून दिले. आक्कांनी सिल्लोडहून निरोप धाडला, की लोकांना काय सांगायचं ते मी बघते, तू बॅग भर. नवरा सकाळी स्वयंपाकघरात चपात्या लाटायला शिकत होता. एकही गोल होत नव्हती आणि मी एकीलाही लाल टिकली लावली नाही. मला झोप लागत नव्हती, भूक लागत नव्हती, मी दिवसातून दहादा पासपोर्ट उघडून स्वतःचा फोटो बघत होते. भीतीही वाटत होती. तिथल्या खोलीचं दार उघडलं नाही तर? आजारी पडले तर? तिसऱ्याच दिवशी रडत परत यावं लागलं तर? पण ती भीतीसुद्धा मला हवीहवीशी वाटत होती.

व्हिसासाठी आम्ही मुंबईला गेलो. तिथं काउंटरपर्यंत मी एकटीनंच जायचं होतं. नवरा मागच्या खुर्चीवर बसला, माझी पर्स मांडीवर घेऊन. काचेपलीकडची मुलगी माझ्या लेकाच्या वयाची असेल. तिनं कागद चाळले, शिक्के बघितले.

"सोबत कोण प्रवास करतंय?"

"कुणी नाही."

"मग तिथं कुणी नातेवाईक आहेत? मित्र, ओळखीचं कुणी?"

मी मागं वळून पाहिलं. नवरा माझ्याकडेच बघत होता. पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, डोळे ओले, आणि तरी त्यानं मान हलवली, सांग म्हणून.

"कुणीच नाही," मी म्हणाले, आणि इतकी मोठ्यानं हसले, की शेजारच्या काउंटरवरची माणसंही वळून बघू लागली.